योगराजची मान

त्या संध्याकाळी डोळे मिटून ताठ बसलेल्या योगराजच्या मानेनं जरा दम धरला असता, तर सरलाबाईच्या दारावर दगड पडला नसता. पण दिवसभर कापडाचा लूम चालवून आलेली मान ती. कुठल्या बाजूला कलंडायचं, याचा विचार मान थोडीच करते.

मुळात ताठ बसायचा हा नाद त्याला लागला तो रागापायी. योगराजचा राग सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. त्यानं ताटं फेकली होती, मोबाइल फेकला होता, आणि एकदा तर शिट्टी होत आलेला कुकर दाराबाहेर भिरकावला होता. कुकर गटारीच्या कडेला जाऊन पडला आणि तिथं त्यानं निवांत शिट्टी दिली. सगळी गल्ली हसली. सुषमा तेवढी हसली नाही.

"परत भांडं फेकलं ना तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "तर पोरीला घेऊन सरळ अमळनेरची गाडी धरेन. भाऊ आहे माझा तिथं, मेला नाही अजून."

त्याच आठवड्यात योगराजनं कारखान्यात देखरेखीच्या मास्तरच्या अंगावर धाग्याचं बॉबिन फेकलं. मास्तर खाली वाकला म्हणून वाचला, मागची केबिनची काच गेली. शेठनं त्याला काढूनच टाकलं असतं, पण सीझनचा माल डोक्यावर होता आणि कारीगर औषधालाही मिळत नव्हते. मग शेठच्या पोरानं तोडगा काढला. कारीगरांसाठी ध्यानाचं शिबिर.

पांढऱ्या कपड्यांतले गुरुजी आले. शेठ त्यांना म्हणाला, "मशीन बंध नहि थाय. जे करवुं होय ते चालु मशीने करो." म्हणजे चारी बाजूंनी लूम खडाखडा आपटतायत आणि मधल्या बोळात गुरुजी शांततेविषयी बोंबलतायत. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. ऐकू कोणाला काय येणार? पण लूमवरची माणसं कानानं ऐकतच नाहीत, समोरच्याचे ओठ बघून ऐकतात. योगराजनंही ओठ वाचले. ताठ बसा. अंग सैल सोडा. श्वास येतो-जातो तो बघत राहा. आता डोळे मिटा.

योगराजनं डोळे मिटले, आणि त्याच्यापुरतं शिबिर तिथंच संपलं. डोळे मिटल्यावर पुढं काय करायचं ते गुरुजींनी सांगितलं असेलच, पण मिटल्या डोळ्यांनी ओठ कसे वाचणार? त्यानं डोळे उघडले तेव्हा गुरुजी गेलेले होते आणि चहा आला होता.

असं ते अर्धवट ध्यान. पण लागू पडलं. दहा बाय दहाच्या रूममध्ये मुलीचा अभ्यास चालायचा, म्हणून योगराज रोज संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसायला लागला. मांडी घालून, डोळे मिटून. राग यायचाच. पण पूर्वी तो यायचा आणि थेट हातात उतरायचा, आता येताना दिसायला लागला. आधी कान गरम व्हायचे, मग दात आवळायचे, मग बोटं. बोटांपर्यंत यायच्या आत योगराज त्याला म्हणायचा, आलास का, बस. सुषमानं माळ्यावर ठेवलेली काचेची भांडी खाली काढली.

इथवर सगळं ठीक होतं. मग श्रावण आला आणि कानबाई बसली.

खानदेशातनं सुरतेला आलेल्या माणसांनी शेत सोडलं, बैल सोडले, पण कानबाई सोडली नाही. मंगलाबाईच्या घरी दरसाल नारळाला नथ घालून देवी मांडली जायची. मंगलाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात वडीलधारी. तिच्या घरी पंखाही मोठा होता. ओट्यावर मांडवाचे बांबू पडले होते, म्हणून योगराज त्या दिवशी देवीशेजारच्या कोपऱ्यात पंख्याखाली जाऊन बसला. बायका गाणी म्हणत होत्या. त्यानं डोळे मिटले आणि तो डुलायला लागला.

डुलणं त्याचं नव्हतं, लूमचं होतं. दिवसभर थरथरत्या फरशीवर उभा राहिलेला माणूस बसला तरी त्याचं अंग तासभर मागेपुढे होतच राहतं. कारीगरांच्या घरात ते कोणाला नवं नाही. पण देवीसमोर, डोळे मिटून, चेहरा असा शांत करून? आणि तो चेहरा योगराजचा? गाणं हळूहळू थांबलं.

तेवढ्यात लाइट गेली.

समईच्या उजेडात फक्त योगराज हलत होता. मंगलाबाई हात जोडून पुढं सरकली. "माय, लाइट कधी येई वं?"

"येईल की आता," योगराज वैतागून म्हणाला.

आणि लाइट आली. पंखा फिरला, नारळावरची नथ हलली, आणि एक बाई किंचाळली. योगराज डोळे उघडतो तर सगळी खोली त्याच्या पायाशी वाकलेली.

"अहो, मी ध्यान करत होतो!"

"हां, तेच ते," धुडकू म्हणाला. धुडकू त्याच्या शेजारचं मशीन चालवायचा आणि शेजारच्याच रूममध्ये राहायचा. आयुष्यात एकदा तरी कशाचं तरी व्यवस्थापन करावं, अशी त्याची फार इच्छा होती. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ओट्यासमोर रांग लावली. योगराज बसला की लोक प्रश्न विचारायचे. तो उत्तर द्यायचा नाही, कारण डोळे उघडून बोललो तर शिवीच निघेल ही त्याला खात्री होती. मग लोक त्याच्या श्वासावरून उत्तर काढायला लागले. लांब श्वास म्हणजे हो. खोकला म्हणजे नाही. एका पावसाळी संध्याकाळी त्याला सर्दी झाली होती, तर गल्लीतली दोन लग्नं मोडली.

"भाऊ, तू फक्त बस," धुडकू म्हणायचा. "बाकी मी बघतो."

मग पोरं आजारी पडायला लागली.

आधी कोपऱ्यावरच्या घरातलं, मग त्याच्या बाजूचं. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. मंगलाबाईच्या नातवाला सलाईन लावून आणलं, तो दोन दिवसांत परत तसाच. गल्लीतला आरडाओरडा कमी झाला. लोक दारं लोटून बोलायला लागले, आणि बोलता बोलता थांबायला लागले. त्या संध्याकाळी ओट्यासमोर रांग नव्हती, घोळका होता. आणि कोणी आपापला प्रश्न घेऊन आलं नव्हतं.

"आम्हले नाव पाहिजे," मंगलाबाई म्हणाली. "कोनी करं ते सांग. कोन डाकीण शे ती दाखाड."

योगराजचे कान गरम झाले. दात आवळले. तो श्वास बघत राहिला. बघता बघता राग ओसरला. आणि राग ओसरल्यावर, दिवसभर उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला जे होतं, ते झालं. त्याला झोप लागली. मान डावीकडे पडली.

त्याला जाग आली ती शांततेनं. डोळे उघडून बघतो तर कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळी तोंडं डावीकडे वळलेली. डावीकडे, गटारीपलीकडे, सरलाबाईची खोली होती.

सरलाबाई एकटी, विधवा. दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खरं काय ते सांगायची. गुजरातेत दारूबंदी आहे हे मंगलाबाईच्या मुलाला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही, असं ती भर नळावर म्हणाली होती. तिची जीभ सगळ्यांनाच लागलेली होती. त्यामुळं मान तिकडं पडली याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. उलट, बऱ्याच जणांना आधीपासून वाटतच होतं असं निघालं.

"ए, ऐका!" योगराज उठला. "मला झोप लागली होती. झोप! देवी नाही, बिवी नाही!"

"अंगातलं गेल्यावर काही आठवत नसतं," धुडकूनं लोकांना समजावलं.

पहिला दगड कोणी मारला ते दिसलं नाही. पत्र्याच्या दारावर तो असा वाजला की योगराजच्या लूमनं मंद झालेल्या कानांनाही ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून सरलाबाईच्या दारासमोर सकाळी राख पडलेली असायची. नळावर तिची बादली रांगेतून बाहेर सरकवलेली असायची. साड्या देणारा माणूस यायचा बंद झाला. सरलाबाईनं शिव्या दिल्या, पण त्या शिव्यांना कोणी उलट उत्तर देईना. तेव्हा तीही गप्प झाली आणि दाराला आतून कडी घातली.

योगराज दोन दिवस ओट्यावर बसला नाही. तिसऱ्या दिवशी सुषमानं त्याला पाणी दिलं, आणि घोट तोंडात धरून तो तसाच थांबला. बसायच्या सवयीनं त्याचं एवढं झालं होतं खरं, की आता तो जे करायचा ते करतोय हे त्याला कळायचं. आधी पाणी नुसतं घशाखाली जायचं.

"सुषमा, या पाण्याला वास येतोय."

"पंधरा दिवस येतोय. टाकीतलं आहे."

तो धुडकूला घेऊन गच्चीवर चढला. टाकीचं झाकण बाजूला सरकलेलं होतं. आत वाकून बघितलं. पाण्यावर एक कबूतर तरंगत होतं. कबूतर म्हणायचं ते केवळ आकारावरून.

योगराजला रडूच यायचं बाकी राहिलं, इतका आनंद झाला. कबुतराचा एक पाय धरून तो जिना उतरला, गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि ते सगळ्यांना दाखवलं. "ही बघा तुमची डाकीण! पोरं याच्यामुळं आजारी. टाकी धुतली की संपलं!"

लोक जवळ आले. नाकाला पदर लावून त्यांनी कबूतर नीट बघितलं. मंगलाबाईनं सगळ्यात जास्त वेळ बघितलं.

"झाकण तं व्हतं टाकीवर," ती म्हणाली. "मग ते आत टाकं कोनी?"

आणि सगळी तोंडं परत डावीकडे वळली.

टाकी धुतली. पोरं बरी व्हायला लागली. त्यानं तर सगळंच बिघडलं. नाव फुटलं म्हणून ती घाबरली, तिनं पोरांना सोडलं, असं गल्लीचं ठरलं. आज सोडलं, उद्या परत धरेल. पोळ्याची अमावस्या जवळ आली होती. "त्या दिवशी तिला जरा विचारू," असं एकमेकांत बोलणं व्हायला लागलं. काय विचारणार ते कोणी म्हणत नव्हतं. पण धुडकूनं एका घरात न्हाव्याचा वस्तरा बघितला, आणि तेवढ्यावर त्याचं व्यवस्थापन संपलं. पांढऱ्याफटक तोंडानं तो योगराजकडे आला.

"भाऊ, ते तिचं डोकं भादरणार. मारतील पण. तू एक काम कर. परत डुल. आणि देवीच्या आवाजात सांग, सरलाबाई चांगली बाई शे. ऐकतील तुझं."

योगराजला ते पटलं. त्यानं डुलून बघितलंसुद्धा. सुषमा भाकरी थापत होती, ती हात थांबवून म्हणाली, "मग कोण आहे ते सांगा, असं म्हणतील. तेव्हा काय करणार? माझं नाव सांगणार का धुडकूभाऊंच्या बायकोचं?"

धुडकू खाली बघायला लागला.

"बरं मग काय करू?" योगराज ओरडला. हाताशी तांब्या होता. तांब्या उचललाही गेला. सुषमा तांब्याकडे बघत राहिली, मुलगी तांब्याकडे बघत राहिली. योगराजनं तो तोंडाला लावला, पाणी प्यायला आणि खाली ठेवला. मग चटई काखेत मारून तो बाहेर पडला, गटार ओलांडली आणि सरलाबाईच्या दाराला पाठ लावून बसला.

आतनं आवाज आला. "कोन शे?"

"मी. योगराज."

"मुडद्या, मान पाडायले दुसरी दिशा नई भेटनी का तुले? आते काबर उना?"

"बसायला."

"तुन्हा दारमा बस ना."

त्यानं डोळे मिटले. रोज कामावरनं आला की तिथंच बसायला लागला. सरलाबाई दाराआडून त्याचा, त्याच्या आईबापाचा आणि त्याच्या मानेचा उद्धार करायची. दोन दिवसांनी दाराच्या फटीतून पाण्याचा पेला बाहेर आला, शिवीसकट.

अमावस्येला सुट्टी होती. लहान पोरांनी मातीचे बैल पूजले, पुरणपोळ्या झाल्या, आणि दिवे लागायच्या वेळेला गल्ली जेवून-खाऊन बाहेर आली. कोणी घाईत नव्हतं. बायका आल्या, बाप्ये आले, पाहुणे म्हणून बमरोलीहून आलेले जावईसुद्धा आले. मोबाइल वर धरलेले. योगराज डोळे मिटून बसला होता. पावलं थांबली ती त्याला फरशीतून कळली.

"ऊठ भाऊ," कोणीतरी म्हणालं. "आम्हाला तिला विचारायचंय."

योगराज हलला नाही. मागं दाराआड सरलाबाईचा श्वास त्याच्या पाठीला कळत होता. भराभर चालला होता.

"देवी आहे का आत्ता याच्यात?" एका जावयानं विचारलं.

"हात लावून बघा ना," सुषमाचा आवाज गर्दीतून आला. हात लावायला कोणी पुढं झालं नाही. पण मागनं दगड आला. दारावर बसायचा तो योगराजच्या कानावर बसला.

कान आधीच गरम होता, आता त्यावरनं ओलं काहीतरी मानेत उतरलं. दात आवळले. बोटं जमिनीवर चाचपडली आणि त्यांना नेमका तोच दगड सापडला. हाताला छान बसला. समोर गर्दी, नेम धरायचीही गरज नव्हती. आलास का, योगराज आत म्हणाला. तो आला होता, सगळाच्या सगळा, कुकर फेकला तेव्हापेक्षा मोठा. योगराजनं त्याला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोटं उघडली आणि दगड बाजूला ठेवला, घरातलं भांडं ठेवावं तसा.

मंगलाबाई समोर येऊन उभी राहिली. "एकदाच विचारस. नाव सांग."

योगराजनं डोळे उघडले.

"योगराज," तो म्हणाला.

"काय?"

"नाव पाहिजे ना तुम्हाला? घ्या. योगराज. पोरं मी आजारी पाडली. कबूतर मी टाकलं. मान मुद्दाम तिकडं पाडली. सरलाबाई नाही. मी."

तो हे ओरडला असता, तर लोक हसले असते. ओरडणारा योगराज त्यांच्या ओळखीचा होता. पण हे तो इतक्या बारीक आवाजात, इतकं सावकाश बोलला, की पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं आणि सांगताना त्यांचाही आवाज बारीक झाला. कानातनं रक्त गळतंय आणि माणूस डोळ्याची पापणी हलवत नाही. हा योगराज नव्हताच. कुकर फेकणारा योगराज कुठं गेला, आणि त्याच्या जागी हे काय येऊन बसलंय?

"बाप्या कधी डाकीण ऱ्हास का?" कोणीतरी कुजबुजलं.

"तसं ऐकण्यात नाही," धुडकू म्हणाला. मग सवयीनं त्यानं पुस्तीही जोडली, "पण सुरतमध्ये काहीही होतं."

"मग विचारा ना मला," योगराज म्हणाला. "काय विचारायचं होतं ते."

एकट्या विधवेला विचारायला सगळी गल्ली मोकळी होती. या दांडग्या गड्याला विचारायची पाळी आली तेव्हा एकेकाला कामं आठवली. कोणाचं दूध उतू जात होतं. जावयांना लांब जायचं होतं. वस्तरा कोणाच्या खिशात होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंगलाबाई तेवढी उलट्या पावलांनी गेली, नजर त्याच्यावरून न काढता, नातवाचं डोकं पदराखाली झाकून.

मागं कडी निघाली. सरलाबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिनं पदराचं टोक ओलं करून त्याच्या कानावर दाबलं.

"येडा," ती म्हणाली.

सरलाबाईला साड्या परत मिळायला लागल्या. नळावर तिची बादली जागेवर राहायला लागली. योगराज आपल्या ओट्यावर परत आला. आता तिथं रांग नसायची. तो कामावरनं गल्लीत शिरला की त्याच्यापुढं दारं एकामागून एक बंद होत जायची, न आपटता, हलक्या हातानं. त्याच्या मुलीसोबत कोणी शाळेत जाईना. सुषमा तिला स्वतः पोचवायला लागली.

"अमळनेरला जायचं का?" एकदा त्यानंच विचारलं.

"तुम्ही काही फेकलंय का?"

"नाही."

"मग कशाला जाऊ?" सुषमा म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. पण तो कामावर गेला की दाराला आता तीसुद्धा आतून कडी घालायची.

एका संध्याकाळी तो बसलेला असताना ओट्याशी पावलं वाजली. डोळे उघडले तर मंगलाबाई. एकटीच. इकडंतिकडं बघत ती खाली वाकली आणि एक नारळ ओट्याच्या कडेला ठेवला.

"भाऊ," ती कुजबुजली, "मना पोऱ्या मनं ऐकत नई, सूननं ऐकस. तिचं काही... करता यी का?"

योगराजचे कान गरम झाले. तो तिच्याकडे बघत राहिला. सुरकुतलेली मान, घाबरलेले डोळे, पायातल्या चपलांचे अंगठे झिजलेले. रात्ररात्र नातवाच्या उशाशी बसलेली म्हातारी. राग आला तसा निघून गेला, आणि त्याला तिची खरोखर कीव आली.

"आत या, मंगलाबाई," तो मऊ आवाजात म्हणाला. "बसा. सुषमा चहा टाकते."

मंगलाबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा दाराआडच्या अंधाराकडं. मग तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला आणि ती पळाली. गुडघे दुखणारी बाई इतक्या जोरात पळू शकते हे गल्लीनं पडद्यांआडून पाहिलं.

तिची एक चप्पल ओट्याशी राहिली. ती न्यायला कोणी आलं नाही.